हॅव लावायचं की नाही? पास्ट सिंपल आणि परफेक्टमधला गोंधळ

"आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे."

हे वाक्य मी आजवर किती मेलमधे वाचलंय त्याला गणती नाही, आणि लिहिणारी माणसं काही इंग्रजीत कच्ची नसतात, मोठमोठे रिपोर्ट लिहितात, मीटिंगमधे अडखळत नाहीत, पण हे एक वाक्य हमखास येतंच. ते चूक आहे. "आय सेंट द फाइल यस्टरडे" असं पाहिजे, म्हणजे पास्ट सिंपल, आपला साधा भूतकाळ. कोणी चूक दाखवली की माणूस दुरुस्त करतो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच लिहितो, कारण चूक का आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. शाळेत बारा काळांचा तक्ता पाठ करून घेतात, हॅव किंवा हॅज आणि त्याच्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, गो वेंट गॉन, सी सॉ सीन, सगळं तोंडपाठ असतं. रूप कसं बनवायचं ते पक्कं येतं. ते कुठे वापरायचं हा भाग तक्त्यात नसतो.

मला विचाराल तर या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे, आणि मराठी चांगली येते म्हणूनच ती होते. बघा ना, "मी फाइल कालच पाठवलीये" हे मराठीत एकदम बरोबर वाक्य आहे, "काल" आणि "पाठवली आहे" शेजारी शेजारी सुखाने बसतात. "तू कधी आलायस?" "परवाच आलोय." यात कुणालाच काही खटकत नाही. मग हेच मनातल्या मनात इंग्रजीत नेलं की "आहे"चं हॅव होतं आणि "काल"चं यस्टरडे. इंग्रजीत मात्र हे दोघं एका वाक्यात नांदत नाहीत. का नांदत नाहीत ते एकदा कळलं की बराचसा गुंता सुटतो, म्हणून आधी तेच बघू.

हॅव लावून होणाऱ्या या काळाचं इंग्रजी नाव प्रेझेंट परफेक्ट, आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात पूर्ण वर्तमानकाळ. दोन्ही नावांत "वर्तमान" आहे आणि आपण नेमका तोच शब्द वाचायचा सोडून देतो. काम झालंय, संपलंय, म्हणजे हा भूतकाळाचाच एक प्रकार असणार असं धरून चालतो. पण बोलणारा माणूस आत्ताबद्दल बोलत असतो.

हॅव हा शब्दच घ्या. हॅव म्हणजे जवळ असणं. जुन्या इंग्रजीत या रचनेची सुरुवात साधारण "आय हॅव द लेटर रिटन" अशा वाक्यांतून झाली, म्हणजे माझ्याकडे पत्र आहे, कसं आहे तर लिहिलेलं. पुढे शब्दांची जागा बदलत बदलत "आय हॅव रिटन द लेटर" झालं, हॅवचा जवळ असण्याचा अर्थ पातळ होत गेला, पण त्याचा वर्तमानकाळ काही गेला नाही. आता "आय हॅव अ कार यस्टरडे" असं कोणी म्हणेल का? नाही म्हणणार, हॅव आत्ताचं आणि यस्टरडे कालचं, ते जुळत नाही हे लगेच कळतं. "आय हॅव सेंट यस्टरडे" मधे तीच ओढाताण आहे, फक्त मधे सेंट घुसल्यामुळे ती आपल्याला दिसत नाही.

खरं सांगायचं तर सगळ्याच भाषांत असं होत नाही. जर्मनमधे हॅवसारखंच क्रियापद लावून "काल" खुशाल म्हणता येतं, बोलण्यातल्या फ्रेंचमधेही तसंच, तिथे या रचनेने साध्या भूतकाळाची जागाच घेऊन टाकलीये. म्हणजे हा काही निसर्गाचा नियम नाही, ही इंग्रजीने धरून ठेवलेली स्वतःची रीत आहे. आणि आपली मराठी या बाबतीत जर्मनच्या जवळ जाते, त्यामुळे आपल्याला ही रीत मुद्दाम शिकावी लागते, आपोआप येत नाही.

आता किल्लीचं उदाहरण घेऊ, ते जुनंच आहे पण त्याच्याइतकं लख्ख दुसरं नाही. "आय लॉस्ट माय की" आणि "आय हॅव लॉस्ट माय की". मराठीत दोन्हीला "किल्ली हरवली" म्हणता येईल. पहिल्यात एक घटना सांगितली, कधीतरी किल्ली हरवली होती, पुढे सापडली का नवीन करून घेतली, वाक्य त्याबद्दल गप्प आहे. दुसऱ्यात बोलणारा दाराबाहेर उभा आहे. किल्ली आत्ता नाहीये. त्याला हरवण्याची गोष्ट सांगायची नाहीये, आत्ताची अडचण सांगायचीये. म्हणून "आय हॅव लॉस्ट माय की, बट आय फाउंड इट" हे वाक्य कानाला विचित्र लागतं आणि "आय लॉस्ट माय की, बट आय फाउंड इट" अगदी नीट लागतं.

तेव्हा वाक्य बनवायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, मी आत्ताचं सांगतोय का तेव्हाचं? घटना किती जुनी आहे हा प्रश्न इथे कामाचाच नाही, कारण दोन्हीकडे ती मागेच घडलेली असते. ती पाच मिनिटांपूर्वीची असो नाहीतर पाच हजार वर्षांपूर्वीची. "आत्ताच झालं असेल तर परफेक्ट आणि फार पूर्वी झालं असेल तर सिंपल" असा एक नियम खूप जणांच्या डोक्यात बसलेला असतो आणि तो चुकीचा आहे. "ही लेफ्ट टू मिनिट्स अगो" यात दोनच मिनिटं झालीत तरी पास्ट सिंपल. "ह्यूमन्स हॅव लिव्ह्ड ऑन धिस आयलंड फॉर थाउझंड्स ऑफ इयर्स" यात हजारो वर्षं गेली तरी परफेक्ट, कारण माणसं आजही तिथे राहतायत.

वेळ दाखवणारे शब्द इथे मदतीला येतात. यस्टरडे, लास्ट वीक, इन 2019, टू डेज अगो, व्हेन आय वॉज अ चाइल्ड, हे सगळे दार लावून घेतलेले काळ. तो काळ संपला, आज त्याच्या आत कुणी नाही. अशा शब्दाबरोबर पास्ट सिंपल, यात सूट नाही. "अगो" मात्र फसवतो, कारण "दोन दिवसांपूर्वी" हे आपण आजपासून मागे मोजतो, त्यामुळे वाटतं की आजशी नातं आहे, पण मोजून मोजून पोचतो कुठे तर त्या संपलेल्या दिवशी. आणि "व्हेन" विचारलं की समोरच्याला ती नेमकी वेळच मागितली, म्हणून "व्हेन हॅव यू कम?" नाही, "व्हेन डिड यू कम?" आपण "कधी आलायस" म्हणतो तिथे हे दर वेळी घसरतं.

उलट टुडे, धिस वीक, धिस इयर, सो फार, इन माय लाइफ हे काळ अजून चालू आहेत, बोलताना आपण त्यांच्या आतच उभे आहोत. यांच्याबरोबर परफेक्ट छान बसतो. यातला "धिस मॉर्निंग" मला फार आवडतो कारण एकच शब्द घड्याळ बघून बाजू बदलतो. सकाळी अकरा वाजता म्हणाल "आय हॅव हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग", सकाळ संपलेली नाही, चौथा कॉल येऊ शकतो. संध्याकाळी चार वाजता तेच सांगताना "आय हॅड थ्री कॉल्स धिस मॉर्निंग". कॉल तेच, सकाळ तीच, पण मधल्या वेळात सकाळचं दार बंद झालं.

आता अवघड भाग. वेळेचा शब्द वाक्यात नसतो तेव्हा काय? तेव्हा वेळ बोलणाऱ्याच्या मनात आहे का ते बघायचं. कुणाच्या हाताला प्लास्टर दिसलं तर "हाऊ डिड यू ब्रेक युवर आर्म?" असं विचारतात. प्लास्टर आत्ता दिसतंय, हात आत्ता मोडलेलाय, मग परफेक्ट का नाही? कारण हात मोडलाय ही बातमी दोघांनाही माहितीये, आता विचारणारा त्या क्षणाकडे वळलाय, तेव्हा काय झालं ते विचारतोय. तसंच भिंतीवरचं चित्र बघून "हू पेंटेड धिस?" म्हणतात, चित्र समोर आहे तरी, कारण प्रश्न काढणाऱ्याचा आहे आणि काढणं तेव्हा झालं. हा मुद्दा नियमांच्या पुस्तकात दोन ओळीत उरकतात पण मला वाटतं खरी पकड इथेच येते, म्हणून थोडं थांबून अशी चार सहा वाक्यं स्वतः बनवून बघा.

यातूनच गप्पांची एक चाल कळते. नवीन गोष्ट बोलण्यात येते तेव्हा दार परफेक्ट उघडतो आणि आत शिरल्यावर पुढचं सगळं पास्ट सिंपल सांभाळतो. "हॅव यू एव्हर यूज्ड धिस सॉफ्टवेअर?" "येस, आय हॅव. आय यूज्ड इट इन माय लास्ट जॉब. इट वॉज स्लो." पहिल्या प्रश्नात एव्हर आहे, म्हणजे आजवरच्या आयुष्यात कधीही, ते आयुष्य चालूच आहे, म्हणून हॅव. पण "लास्ट जॉब" म्हटल्याबरोबर एका संपलेल्या काळात गेलो, तिथून पुढे यूज्ड, वॉज. इंटरव्ह्यूमधे नेमकं हेच जमत नाही, लोक पहिल्या वाक्यात हॅव लावतात आणि मग शेवटपर्यंत प्रत्येक वाक्याला हॅव लावत सुटतात. बातम्यांची भाषाही तशीच चालते, पहिल्या वाक्यात "द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड", दुसऱ्यात "शी अनाउन्स्ड द डिसिजन ॲट अ प्रेस कॉन्फरन्स". जेम्स मॅकॉली नावाच्या भाषाशास्त्रज्ञांनी 1971 मधे अशा ताज्या बातमीवाल्या परफेक्टला "हॉट न्यूज" असंच नाव दिलं होतं.

आजवरच्या अनुभवाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक गंमत सांगतो. भाषाशास्त्रज्ञांमधे आइनस्टाइनच्या वाक्याची जोडी प्रसिद्ध आहे, चॉम्स्कींपासून ती चर्चेत आहे. "आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन" हे इंग्रजी कानाला खटकतं, कारण वाक्य आइनस्टाइनबद्दल आहे आणि ते 1955 मधे गेले, त्यांच्या अनुभवांची यादी बंद झाली. पण "प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन" चालून जातं, कारण आता वाक्य प्रिन्स्टनबद्दल झालं आणि प्रिन्स्टन आजही जागेवर आहे. घटना एकच. वाक्य कुणाबद्दल आहे आणि तो आज आहे का, यावर परफेक्ट ठरला. म्हणून गेलेल्या माणसांबद्दल लिहिताना, जुन्या लेखकांबद्दल, शास्त्रज्ञांबद्दल, सहसा पास्ट सिंपल. "ही रोट टेन नॉव्हेल्स." जिवंत लेखकाला मात्र "शी हॅज रिटन टेन नॉव्हेल्स", अकरावी येऊ शकते.

आता सिन्स आणि फॉर. इथे मराठी आपल्याला दुसऱ्या बाजूने ओढते. "मी 2018 पासून इथे काम करतोय" यात मराठी सरळ वर्तमानकाळ वापरते, म्हणून आपण "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2018" लिहितो. इंग्रजीतला नुसता वर्तमानकाळ इतका लांब पुरत नाही. मागे सुरू झालेली आणि आत्तापर्यंत पोचलेली गोष्ट असेल तर ते सगळं अंतर कवेत घ्यायला परफेक्टच लागतो, "आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2018" किंवा "आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2018". नो, बिलीव्ह, लाइक अशा स्थिती दाखवणाऱ्या क्रियापदांना आयएनजी लागत नाही, म्हणून "आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स". "आय ॲम नोइंग हिम" हे तर कधीच नाही.

सिन्सबरोबर सुरुवातीचा बिंदू येतो, 2018, मंडे, व्हेन वी मेट यातलं काहीतरी, आणि फॉरबरोबर लांबी, सहा महिने, दहा वर्षं. मराठीत दोन्हीकडे "पासून" लागतं, "सहा महिन्यांपासून" आणि "सोमवारपासून", म्हणून "सिन्स सिक्स मंथ्स" अशी चूक होते. ते "फॉर सिक्स मंथ्स". आणि सिन्सच्या पुढे अख्खं वाक्य आलं तर आतलं क्रियापद पास्ट सिंपलमधे जातं, "आय हॅव बीन बिझी सिन्स आय जॉइन्ड", कारण जॉइन होणं एका क्षणी झालं आणि संपलं, तिथून पुढचं बिझी असणं अजून चालू आहे. एकाच वाक्यात दोन्ही काळ, दोघांची कामं वेगळी.

फॉरबाबत मात्र जरा जपून, कारण इथे चूक व्याकरणाची न होता अर्थाची होते आणि ती कुणी दाखवत पण नाही. "आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स" हे शंभर टक्के शुद्ध वाक्य आहे, आणि त्याचा अर्थ मी ती नोकरी सोडली. सध्याच्या नोकरीबद्दल बोलताना "आय वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स" म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटणार की हा निघाला वाटतं. "हॅव वर्क्ड" म्हटलं की अजून तिथेच आहात. एका छोट्या शब्दावर समोरच्याची समजूत उलटीपालटी होते.

"मी हे पहिल्यांदाच बघतोय" याचंही तसंच, इंग्रजीत "धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव सीन धिस". आयएनजी नाही, कारण मोजणी आजवरच्या सगळ्या वेळांची चाललीये.

बीन आणि गॉन यांच्या बाबतीत मात्र मराठी आपल्या बाजूने उभी राहते, आणि ते कुणी शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. "ही हॅज गॉन टु द लायब्ररी" म्हणजे तो लायब्ररीत गेलाय, इथे नाहीये. "ही हॅज बीन टु द लायब्ररी" म्हणजे तो जाऊन आलाय. बस, इतकंच आहे. "गेलाय" तिथे गॉन, "जाऊन आलाय" तिथे बीन. त्यामुळे स्वतःबद्दल "आय हॅव गॉन टु मेनी कंट्रीज" म्हणायचं नाही, जाऊन आलायत म्हणून तर इथे बसून सांगताय, "आय हॅव बीन".

तसाच एक आधार "पाहिलेला आहे", "वाचलेलं आहे" या रूपांचा. मराठी वाक्यात "लेला आहे" किंवा "लेलं आहे" सहज घालता येत असेल आणि अर्थ अनुभवाचा असेल, "मी हा पिक्चर पाहिलेला आहे", तर इंग्रजीत बहुतेक वेळा प्रेझेंट परफेक्टच निघतो. याला नियम म्हणू नका, खूण म्हणा. आणि आपला साधा भूतकाळ तर याहून सैल आहे, आतल्या खोलीतून हाक आली की आपण जागचे न हलता "आलो, आलो" म्हणतो, लांबून गाडी दिसली की "गाडी आली!". अजून काहीच आलेलं नसतं. इंग्रजीत तिथे "कमिंग" आणि "द ट्रेन इज कमिंग". आपलं "आला, गेला, झालं" हे रूप पक्कं ठरलं, पुरं झालं असं सांगतं, घड्याळातली वेळ सांगायचं काम त्याच्याकडे तितकंसं नाही. म्हणून रूपाला रूप जुळवून भाषांतर केलं की फसगत ठरलेली.

आता पास्ट परफेक्ट, म्हणजे हॅड. इथे आपला सगळ्यात मोठा घोटाळा होतो. "यस्टरडे आय हॅड गॉन टु द बँक." हे कुठून येतं? सरळ "काल मी बँकेत गेलो होतो" यातून. मराठीतलं "होतो" आणि इंग्रजीतलं हॅड एकच, असं आपण मानून चालतो, आणि ते एक नाहीत.

मराठीत "होता" काय करतो ते बघा. "तो आलाय" म्हणजे तो इथे आहे. "तो आला" म्हणजे येण्याची घटना घडली. "तो आला होता" म्हणजे आला, आणि आता इथे नाही. आपलं "होता" सांगतं की ते झालं, पण त्याचा परिणाम आता उरलेला नाही, ती गोष्ट मागे पडली. कुणाच्या समोर उभं राहूनसुद्धा आपण नम्रपणे म्हणतो, "जरा विचारायला आलो होतो". माणूस तर समोरच उभा आहे! इथे "होतो"ने थोडं अंतर ठेवलं, बोलणं मऊ केलं. यातल्या कशालाही इंग्रजीत हॅड लागत नाही. "आय केम टु आस्क समथिंग." "यस्टरडे आय वेंट टु द बँक." "ही केम, बट ही लेफ्ट."

इंग्रजीतल्या हॅडला एक अट लागते, भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण, ज्याच्या आधी ही गोष्ट झालेली होती. हान्स रायशेनबाख नावाच्या तत्त्वज्ञांनी 1947 मधे हे तीन बिंदूंनी मांडलं आणि मला अजूनही याहून सोपी मांडणी सापडलेली नाही. एक बिंदू आपण बोलतोय ती वेळ, दुसरा घटना घडली ती वेळ, आणि तिसरा आपण ज्या वेळेवर उभे राहून घटनेकडे बघतोय ती वेळ. हा तिसराच महत्त्वाचा. पास्ट सिंपलमधे आपण घटनेच्या जागीच जाऊन उभे राहतो, तिथूनच बघतो. प्रेझेंट परफेक्टमधे आपण आत्ताच्या वेळेवर उभे राहून मागे बघतो. आणि पास्ट परफेक्टमधे आपण आधी भूतकाळातल्या एका क्षणावर जातो आणि तिथे उभं राहून आणखी मागे बघतो. म्हणजे "काल" आणि हॅव एकत्र का येत नाहीत तेही इथे चित्रासारखं दिसतं, हॅवने सांगितलं आत्तावर उभा राहा आणि यस्टरडेने सांगितलं कालवर उभा राहा.

गाडीचं उदाहरण. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट" म्हणजे मी पोचलो आणि गाडी सुटली, डोळ्यांदेखत. "व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट" म्हणजे पोचलो तेव्हा ती आधीच सुटलेली होती, मला रिकामा प्लॅटफॉर्म दिसला. उभा राहिलो तो पोचण्याच्या क्षणावर, मागे वळून बघितलं तर गाडी गेलेली. इथे हॅडशिवाय अर्थच बदलतो. पण बिफोर किंवा आफ्टर असेल तर आधी काय आणि नंतर काय ते त्या शब्दानेच सांगितलं, मग हॅड नसला तरी चालतो, "आफ्टर ही फिनिश्ड द रिपोर्ट, ही वेंट होम" एकदम ठीक. गोष्ट लांब सांगायची असेल तर मागे जाताना सुरुवातीला एकदोनदा हॅड लावायचा, ऐकणाऱ्याला कळलं की आपण मागे आलोय, की मग साध्या भूतकाळात पुढे चालायचं. ओळीओळीला हॅड आला की वाचणारा थकतो. "इफ आय हॅड नोन" मधला हॅड वेगळ्या कामाचा आहे, "मला माहीत असतं तर" असं न घडलेलं सांगणारा, त्याचा हिशोब वेगळा ठेवा.

फ्युचर परफेक्टवर फार वेळ घालवायची गरज नाही, तोच खेळ पुढच्या दिशेने. "बाय फ्रायडे, आय विल हॅव फिनिश्ड धिस." मनाने शुक्रवारवर जाऊन उभे राहा आणि मागे बघा, काम झालेलं दिसतंय.

एक गोष्ट राहिली. जस्ट, ऑलरेडी, येट या शब्दांबरोबर ब्रिटिश इंग्रजीत परफेक्ट पाहिजे असं शिकवतात, "आय हॅव ऑलरेडी ईटन", "हॅव यू फिनिश्ड येट?". अमेरिकेत बोलताना "आय ऑलरेडी एट", "डिड यू फिनिश येट?" सर्रास चालतं आणि ते चूक नाही. त्यामुळे अमेरिकन सिरियल बघून तुम्ही गोंधळला असाल तर तुमचं काही चुकलेलं नाही, तिथली रीतच तशी आहे. परीक्षेत ब्रिटिश पद्धत लिहा, बोलताना कशीही बोला. आणि माझं मत विचाराल तर खरंच ठरवता येत नसेल तेव्हा पास्ट सिंपलकडे झुका, तो साधा आहे, फार ठिकाणी चालून जातो, विनाकारण लावलेला हॅव किंवा हॅड जास्त टोचतो. सिन्स असेल किंवा गोष्ट अजून चालू असेल तिथे मात्र झुकू नका, तिथे परफेक्टला पर्याय नाही.

शेवटी एक मेल दुरुस्त करून बघू, अशी मेल सगळीकडे फिरत असते. "आय ॲम हँडलिंग धिस प्रोजेक्ट सिन्स मार्च. लास्ट मंथ आय हॅड फाउंड ॲन एरर इन द डेटा. आय हॅव इन्फॉर्म्ड द टीम ऑन मंडे. दे डिड नॉट फिक्स इट टिल नाऊ."

पहिलं वाक्य, मार्चमधे सुरू, आजही चालू, म्हणून "आय हॅव बीन हँडलिंग". दुसऱ्यात लास्ट मंथ, दार बंद, आणि त्याच्याआधी बघायला दुसरा कुठला क्षण वाक्यात नाही, म्हणून हॅड काढा, "लास्ट मंथ आय फाउंड". तिसऱ्यात मंडे आलाय, "आय इन्फॉर्म्ड द टीम ऑन मंडे". चौथ्यात गंमत उलटी, टिल नाऊ म्हणजे वाक्य आत्तावर येऊन उभं राहिलं, चूक अजून तशीच आहे आणि तुम्हाला सांगायचंही तेच आहे, "दे हॅव नॉट फिक्स्ड इट येट".